रामबागेतली घार : इंदूरचे पाच दिवस

पहिला दिवस : शनिवार

खलघाटच्या पुलावर जाग आली. बसच्या काचेवर दव साचलं होतं, ते बाहीनं पुसून बाहेर पाहिलं. खाली नर्मदा संथ, राखाडी. आणि पूल संपतो तिथल्या विजेच्या खांबावर एक घार बसलेली. पंख सैल सोडून, मान अंगात ओढून. घारीला पहाटे घाई नसते. ऊन चढलं, जमीन तापली, हवा वर उठायला लागली की मग ती निघते. पंख मारत उडायला ताकद लागते, वर चढणाऱ्या हवेवर नुसतं तरंगायला फारशी लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मी पुण्याहून रात्रभर बसमध्ये अंग आंबवत निघाले होते ती हिच्याच जातभाईंना भेटायला. त्यामुळे तो खांब मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहिले.

माझी मावशी लग्न होऊन इंदूरला गेली ती रामबागेत, आणि अजून तिथंच आहे. जानेवारीत तिचा फोन आला होता. "अगं, समोरच्या कडुलिंबावर घारीनं घरटं केलंय, आणि मला माझ्याच गच्चीवर येऊ देत नाहीये. आता पापड-कुरडया घालायच्या कुठे?" तिच्या आवाजात वैताग होता, पण त्याच्या खाली थोडा अभिमानही होता. दुसऱ्या कुणाच्या नाही, आपल्या घरासमोर बिऱ्हाड थाटलंय, असा. मी तिथल्या तिथे ठरवलं, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जायचं. तोवर पिल्लं असतील.

जाण्याला आणखी एक कारण होतं. बरीच वर्षं झाली, मावसभाऊ सोनूदादानं मला नेमावर रोडला देवगुराडियाच्या कचरा डेपोकडे नेलं होतं. तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी कचऱ्याचाच दुसरा डोंगर होता. धूर, गाई, बगळे, आणि वर घारींचं चक्र; मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे नाद सोडला. त्यानंतर इंदूर बदललं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, तोही वर्षामागून वर्ष. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही याचं इंदूरकरांना केवढं कौतुक आहे ते त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं तरी कळतं. मला मात्र ते चक्र आठवायचं. कचरा गेला, मग त्या घारी आता काय खात असतील?

घरी पोचले तर मावशीनं पोहे तयार ठेवलेले, वर जिरावन आणि शेव. "आधी खाऊन घे, घार कुठे पळून नाही चालली," ती म्हणाली. पोह्यांच्या दुसऱ्या बशीला नाही म्हणून मी गच्चीवर गेले. मागून मावशीनं छत्री आणून हातात दिली. मला वाटलं उन्हासाठी.

तीन पावलं टाकली असतील. डोक्यावरून सूं करत काहीतरी गेलं आणि छत्रीच्या कापडाला टप्पकन धक्का बसला. वळून पाहिलं तोवर ती कडुलिंबाला वळसा घालून परत यायला निघाली होती. पंखांचा पसारा जवळजवळ दीड मीटर, वजन किलोच्याही आत. एवढ्या हलक्या अंगाला एवढे मोठे पंख, म्हणून ती दोन इमारतींमधल्या बोळात शिरून, शेपटी एका बाजूला तिरकी करून, जागच्या जागी वळू शकते. शेपटीला मधे खाच असते. आकाशात घार ओळखायची ती या खाचेवरून. शेपटी पूर्ण पसरली की खाच पुसली जाते आणि नवखा माणूस फसतो.

मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. तिथून घरटं साधारण बारा मीटरवर, आणि नजरेच्या किंचित खाली. इतकी चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. घारीनं आणखी दोन फेऱ्या मारल्या, मी हलत नाही हे पाहिलं आणि घरट्याच्या काठावर उतरून बसली. मान वाकडी करून माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. आपण घारे डोळे म्हणतो ते फिकट, पिंगट डोळ्यांना. प्रत्यक्षात हिचे डोळे गडद तपकिरी, दुरून काळेच वाटतात.

घरटं म्हणजे काटक्यांचा ओबडधोबड ढीग. पण दुर्बीण लावली आणि त्यातलं सामान दिसायला लागलं. तारेचा तुकडा. फरशी पुसायच्या मॉपची दशी. निळ्या दोरीची गुंडी. एका लहान मुलाचा मोजा. आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीच्या तीन-चार चिंध्या, काठावर नीट दिसतील अशा. स्पेनमध्ये दोन्याना राष्ट्रीय उद्यानात घारींच्या या पांढऱ्या प्लास्टिकचा अभ्यास झाला आहे, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घारींना वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक दिलं तर त्या पांढरं उचलायच्या, आणि सगळ्यात जास्त सजावट करायच्या त्या ऐन भरातल्या, साधारण सात ते बारा वर्षांच्या घारी. फार तरुण आणि फार म्हाताऱ्या जवळजवळ करतच नसत. प्लास्टिक म्हणजे बाकीच्या घारींना दिलेली ताकीद : इथे दम असलेली जोडी राहते. संशोधकांनी एखाद्या दुबळ्या जोडीच्या घरट्यात जास्तीचं प्लास्टिक ठेवलं, तर ती जोडी ते काढून टाकायची. पेलणार नाही असं आव्हान उगीच कशाला द्या!

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझी घार दमदार आहे." तेव्हापासून ती 'माझी घार' झाली.

दुसरा दिवस : रविवार

सोनूदादाला सुट्टी होती. सकाळीच स्कूटरवरून देवगुराडियाला निघालो. महाशिवरात्र तोंडावर आली होती, मंदिराच्या वाटेवर जत्रेच्या मांडवांचे बांबू उतरवलेले. आम्ही टेकडीवर चढलो आणि जिथून पूर्वी तो कचऱ्याचा डोंगर दिसायचा तिथे उभे राहिलो.

डोंगर नाही. शंभर एकर जागेतला लाखो टन जुना कचरा २०१८ मध्ये उपसून, चाळून, वेगवेगळा करून हलवला. ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा मोठा प्रकल्प इथेच आहे. रोजचा ५५० टन ओला कचरा पचवायची त्याची क्षमता, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. झाडं लावलेली, वास नाही. दादा आपल्या शहराबद्दल बोलताना हळवा होतो. "लहानपणी शाळेत इकडच्या मुलांना डेपोच्या बाजूला राहणारी पोरं म्हणून चिडवायचे, माहितीये?" तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं, काही बोलले नाही. घारींच्या नादात त्या धुरात माणसं राहत होती, मुलं वाढत होती, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि ती मी इथे लिहून ठेवते आहे.

आकाशात घारी होत्या. अकराच्या सुमारास टेकडीचा उतार तापला आणि एक एक करत त्या गरम हवेच्या झोतावर चढायला लागल्या. एकीनं जागा शोधली की बाकीच्या लांबून बघून तिच्याखाली येऊन मिळतात. मी मोजल्या : सव्वीस. कुठे ते दोनशेच्या वरचं चक्र आणि कुठे हे. पण या सव्वीस वर जाऊन निवांत तरंगत नव्हत्या. उंची मिळाली की प्रत्येक जण वेगळ्या दिशेला सुटायची, कुणी नेमावर रोडच्या गावांकडे, कुणी थेट शहराकडे. डेपोवर त्या गोळा व्हायच्या. इथून त्या कामावर निघत होत्या.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, यांनी आदल्या रात्री गिधाडांची आठवण काढली होती. त्यांच्या तरुणपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. नव्वदच्या दशकात ती संपली. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. "मग त्यांचं काम आता घारी करतात ना?" काकांनी विचारलं होतं. नाही, काका. घारीचे पाय लहान, चोच त्या मानानं नाजूक. म्हशीचं कातडं फाडणं तिच्या आवाक्यातलं नाही. कुणीतरी फोडून दिलेलं ती खाते : कुत्र्यांनी, गाडीच्या चाकानं, खाटकाच्या सुऱ्यानं. गिधाड अख्खं ढोर संपवायचं. घार त्या भोजनातली शितं वेचते.

उतरताना रस्त्याकडेला कुणीतरी वाळलं गवत पेटवलं होतं. धुराच्या कडेला दोन घारी लगेच हजर. खाली उड्या मारत निसटणारे नाकतोडे त्या पायानं उचलायच्या आणि उडता उडताच पाय चोचीशी नेऊन खायच्या. जमिनीवर उतरायचं कामच नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी सांगतात की तिथल्या घारी पेटती काडी उचलून दुसरीकडे टाकतात, नवी आग लावतात आणि पळणारी शिकार टिपतात. २०१७ मध्ये संशोधकांनी या माहितीचं संकलन करून ते छापलं. आमच्या समोरच्या दोन घारींपैकी कुणी काडी उचलली नाही. मी तरी पंधरा मिनिटं उभी राहून वाट पाहिली, दादानं स्कूटर बंद करून.

तिसरा दिवस : सोमवार

आजचा दिवस गच्चीवर, टाकीच्या सावलीत. सकाळी सातपासून.

पिल्लं दोन. पिवळसर पांढऱ्या लवीची, त्यात पाठीवर आणि पंखांच्या कडेला तपकिरी पिसांचे कोंब फुटायला लागलेले. तीन आठवड्यांची असावीत. एक मोठं, एक लहान, आणि फरक चांगलाच. घार अंडी एकदम घालत नाही, दिवसा-दोन दिवसांच्या अंतरानं घालते, आणि पहिलं अंडं आलं की उबवायला बसते. त्यामुळे साधारण महिनाभरानं पहिलं पिल्लू आधी बाहेर येतं, दुसरं मागून. मागून येणाऱ्याच्या वाट्याला हा दोन दिवसांचा उशीर कायमचा येतो.

मादी काठावर बसून होती. सव्वाआठला वरून कापरी शीळ आली, चिईईर्र-र्र-र्र, आणि मादीनं मान वर केली. नर पंजात काहीतरी घेऊन आला, घरट्यावर ठेवलं आणि पाच सेकंदांत पुन्हा निघाला. उंदीर होता. मादीनं तो पायाखाली दाबून धरला आणि चिमटीएवढे तुकडे काढत पिल्लांच्या चोचीपुढे धरायला सुरुवात केली. मोठं पिल्लू पुढे सरसावलं. पहिले नऊ घास त्याचे. लहानं मागून मान लांब करत होतं, मोठ्यानं त्याच्या डोक्यावर एक चोच हाणली, ते खाली बसलं. मादीनं त्यात भाग घेतला नाही. जे तोंड पुढे आलं त्यात घास. मोठ्याचा गळा फुगून लिंबाएवढा झाला तेव्हा कुठे ते बाजूला झालं आणि शेवटचे तीन घास लहान्याला मिळाले, तेही शेपटीकडचे.

घार आकाशी हिंडते आणि तिचं चित्त पिल्लांपाशी असतं, असं आपण आईबद्दल म्हणतो. या दिवसांत आकाशी हिंडणारा बहुतेक वेळा बाप असतो. आई जागची हलत नाही, दुपारच्या उन्हात पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरून बसते. बारा ते दोन ती तशी बसली होती, चोच उघडी टाकून धापा टाकत. मला खाली जाऊन ताक पिऊन यावंसं वाटत होतं, पण गेले नाही.

दुपारी मावशीबरोबर कडुलिंबाखाली गेले. छत्री होतीच. झाड शेजारच्या वाड्याच्या आवारात आहे. तिथल्या लोकांच्या मनात माणूस आणून घरटं उतरवायचं घाटत होतं. मावशीनं त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून दिली होती, आणि वर एक महिन्यात पिल्लं उडतील, एवढा धीर धरा म्हणून रोज एक वाटी श्रीखंड पाठवत होती. कायद्यापेक्षा श्रीखंड लागू पडलं असावं.

झाडाखाली जमिनीवर पांढरे शिंतोडे, आणि त्यांत घरट्याचा सगळा हिशेब सांडलेला. आम्ही दोघींनी वर्तमानपत्र पसरून तो गोळा केला. उंदराच्या शेपट्या, दोन. घुशीचं दात असलेलं अर्धं तोंड. पारव्याची पिसं ओंजळभर, त्यात कोवळी, म्हणजे पिल्लूही उचललेलं. कोंबडीचा पाय. माशाचा मणका आणि नखाएवढे खवले. सरड्याचं कातडं. खारीची शेपूट. केसांचा आणि हाडांच्या तुकड्यांचा एक गोळा, घारीनं ओकून टाकलेला. बोटभर लांब, वाळलेला, अजिबात वास नसलेला. मावशीनं तो नखानं उकलला तेव्हा आतून चिचुंद्रीच्या जबड्यासारखं काहीतरी निघालं. "एवढ्या जिनसा!" ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात नसतील."

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर पडलं होतं. आपण घारीला उकिरड्यावरचा पक्षी म्हणून हिणवतो. उकिरडा होता तोवर ती तिथे जात होती, कारण श्रम कमी होते. तो गेला आणि तिनं शिकार काढली. सगळ्या नाही काढणार; डेपोवरच्या दोनशेतल्या कितीतरी उपाशी राहिल्या असतील, त्यांची पिल्लं जगली नसतील. पण रामबागेतली ही जोडी उंदीर, पारवे आणि मासे यांवर घर चालवत होती. पावसाळ्याच्या तोंडावर पंखवाली वाळवी उठेल तेव्हा ती हवेतल्या हवेत वेचून खाईल. जे ज्या दिवशी असेल ते.

चौथा दिवस : मंगळवार

मासा कुठून येतो ते पाहायला पहाटे सिरपूर तलाव. रामबागेतून धार रोडला रिक्षानं. होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, त्याच वर्षी इंदूरजवळचं यशवंत सागरही त्या यादीत आलं. काठावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी, त्यात मराठी ऐकू येतंच येतं. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा काळा थवा आणि हळदीकुंकू बदकांच्या जोड्या.

बाभळींवर घारी रात्रीच्या मुक्कामाच्या अजून तशाच बसलेल्या. हिवाळ्यात त्या शे-दोनशेनं एकत्र झोपतात; इथे चाळीसेक असतील. त्यांतल्या काही मला वेगळ्या वाटल्या. अंगानं थोराड, गाल गडद, डोळ्यामागे काळसर पट्टा. उडाल्या तेव्हा पंखाखाली, बोटांसारखी पिसं जिथे सुरू होतात तिथे, पांढुरका ठसठशीत डाग. काळ्या कानाच्या घारी! पाहुण्या. दिल्लीत निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घारींच्या पाठीवर उपग्रहाचे ट्रान्समीटर बसवून त्यांचा मार्ग शोधला. हिवाळा संपताना त्या काराकोरमच्या बाजूनं हिमालय ओलांडतात, सहा हजार मीटरच्या वर चढतात, आणि कझाकस्तान, रशिया, मंगोलिया, चीनच्या गवताळ प्रदेशांत अंडी घालतात. साधारण सव्वातीन ते पावणेपाच हजार किलोमीटर, महिन्याभरात. सिरपूरच्या बाभळीवर पिसं साफ करत बसलेली ही बाई एप्रिलमध्ये कुठल्या गवताळ माळावर असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

आणि मावशीची घार? ती इथलीच, बारमाही. तिच्या पोटजातीचं शास्त्रीय नाव 'गोविंदा'. मुंबई सरकारच्या सेवेतले विल्यम हेन्री साइक्स दख्खनमध्ये पक्ष्यांच्या नोंदी करत होते. १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या घारीला हे नाव दिलं. म्हणजे जगभरच्या पक्षीसंग्रहांत हिची ओळख आपल्या मुलखातली. ती मला काल रात्री मावशीला सांगायची होती, पण ती मालिका बघत होती.

साडेआठला एक पाणकावळा मासा आडवा चोचीत धरून वर आला. मासा उभा करून गिळायला त्याला दोन क्षण लागतात. तेवढ्यात वरून घार झेपावली. पाणकावळ्यानं बुडी मारली, मासा निसटला, आणि घारीनं पाण्यावरून पाय फिरवून तो उचलला. घार बुडी मारत नाही, अंग ओलं होऊ देत नाही. पाण्याच्या वरच्या वीतभर थरात जे सापडेल तेवढंच तिचं. ती मासा घेऊन वळली तर मागून दोन घारी तिच्यावर धावल्या. तिघींची हवेत ओढाताण, एकमेकींना पाय दाखवत, उलट्या होत. मासा खाली पडला. तो एका कावळ्याला मिळाला.

मी हसले, मग वहीत वेळ लिहिली आणि मावशीसाठी काठावरच्या गाडीवरून पेरू घेतले.

पाचवा दिवस : बुधवार

बस संध्याकाळी. सकाळी जुन्या इंदुरातल्या एका गल्लीत मटणाच्या दुकानासमोर अर्धा तास उभी राहिले. दुकानदार सगळा टाकाऊ माल झाकणाच्या पिंपात टाकतो, गाडी येऊन घेऊन जाते. फक्त दहाच्या ठोक्याला मूठभर छीछडे तो दुकानाच्या पत्र्यावर भिरकावतो. वडील टाकायचे म्हणून तोही टाकतो. पावणेदहालाच समोरच्या तारेवर सात घारी येऊन बसल्या होत्या. त्याआधी गल्लीत एकही नव्हती. "इनकी घड़ी मेरी से अच्छी है," तो म्हणाला. त्यानं पहिली मूठ वर नेली आणि ती हातातून सुटायच्या आधीच पहिली घार तारेवरून निघालेली होती. तिची नजर मांसावर नव्हती, त्याच्या कोपरावर होती. मी शपथेवर सांगते. दिल्लीत जुन्या शहरात लोक सदक्याचं, म्हणजे दानाचं, मांस असंच हवेत उडवतात, आणि जिथे माणसं रोज खाऊ घालतात तिथल्या घारी घरट्याजवळ येणाऱ्या माणसावर जास्त धाडसानं धावून जातात, असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे. माणसाची भीती मोडली की ती दोन्हीकडून मोडते. मावशीच्या छत्रीवर बसलेल्या धक्क्याचा अर्थ मला त्या गल्लीत लागला.

दुपारी पुन्हा टाकीमागे. नरानं तीन खेपा केल्या : एक पारव्याचं पिल्लू, एक ओळखू न आलेला लांबट तुकडा, आणि एकदा रिकाम्या पायानं नुसता येऊन बसला आणि मादीनं त्याला ओरडून हाकलला. लहान पिल्लू सोमवारपेक्षा मलूल वाटत होतं. घरट्याच्या त्या मोज्यावर डोकं टेकून पडलेलं. मी दुर्बीण खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची. टेकडीवरचं स्वतःचं मौन मला आठवत होतं. इथे मात्र मी काहीच करायचं नव्हतं, आणि तेच फार अवघड जात होतं. स्वयंपाकघरात फ्रिजमध्ये अंडी होती. मावशीनं एकदा विचारलंही, "एखादं फोडून ठेवू का गच्चीवर?" नको म्हटलं. उद्यापासून ती कुणाच्या कोपराकडे बघत बसेल?

बस सुटायला तास उरला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी शीळ आली. नर खाली आला, पंजात मासा, चांगला वीतभर. सिरपूरचा की कुठला कोण जाणे. मोठं पिल्लू दुपारच्या पारव्यानं तट्ट फुगलेलं, मान वर केली आणि पुन्हा खाली टाकली. लहानं उठलं. पंखांच्या कोपरांवर रेलत, अडखळत काठाशी आलं आणि तोंड उघडलं. मादीनं माशाचा पांढरा तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. एक. दोन. मी बोटांवर मोजत होते. सहा, सात. अकराव्या घासाला त्याचाही गळा फुगलेला दिसायला लागला आणि ते मागे सरून माशाच्या शेपटीवरच बसलं.

खालून जिन्यातून मावशीची हाक आली, "काय झालं गं, इतका वेळ? मी येऊ का वर?"

"ये," मी म्हटलं, "पटकन ये. छत्री घेऊन ये."